सहावर एक

१

‘खडखडाट’च्या नव्या अल्बममधलं एक गाणं बंद कपाटातून चोरीला गेलं होतं, आणि ते पुन्हा गायची सोय राहिली नव्हती.

ही बातमी घेऊन शिवराज धापा टाकत आत्याच्या दारात उभा राहिला तेव्हा आत्या, म्हणजे वैजयंतीबाई लोंढे, शेंगाचटणीवर तेल घालून नाश्त्याला बसत होत्या. बाई निवृत्त सरकारी वकील. सोलापूरच्या कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांना त्यांनी घाम फोडलेला. निवृत्तीनंतर फोडायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून घरच्यांवर वेळ आली होती.

“पोलिसांत जा,” बाई म्हणाल्या.

पोलीस आले तर उरलेल्या डब्याही मुद्देमाल म्हणून उचलून नेतील, मग निघालाच म्हणायचा अल्बम, असं शिवराजचं म्हणणं. पोरगं अगदीच बिनडोक नव्हतं. बाईंनी ताट सरकवलं आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं.

‘खडखडाट’ हा सोलापूरचा रॉक बँड. वीस वर्षांपूर्वी या पोरांनी कॉलेजांची गॅदरिंगं दणाणून सोडली होती. शिवराज ड्रम बडवायचा, अल्तमश गिटार, गुरु हत्तुरे बास गिटार, गायला भुवनेश्वरी म्याकल, आणि गाणी लिहायला जेऊरचा रामहरी. मंगळवेढ्याचा कार्यक्रम करून परतताना जीप उलटली आणि रामहरी जागच्या जागी गेला. गाडी तोच चालवत होता, असं गुरुने तेव्हा पोलिसांना सांगितलं. मागे बसलेले तिघे झोपेत होते. त्यानंतर बँड मोडला, गुरु बंगळुरात नोकरीला लागला, बाकीचे पोटापाण्याला.

आता पोटं सुटली, केसांना कलप लागले, आणि या मंडळींना पुन्हा खुमखुमी आली. अक्कलकोट रोडला भुवनेश्वरीच्या भावाचा चादरींचा कारखाना बंद पडून रिकामा होता. माग विकले गेले होते, उरलेल्या चादरी आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकल्या, आणि झाला स्टुडिओ. आठ गाणी झाली, त्यातलं एक रामहरीच्या अपघातावरचं. एका गाण्याची एक हार्ड डिस्क, तळहाताएवढी काळी डबी, अशी आठ डब्यांची चळत लोखंडी कपाटात होती.

“आज सकाळी एक कमी. मी एकेक लावून बघितली. पाचवं गाणं गेलं, आत्या. ‘बोंब’ गेलं.”

त्याचा चेहरा का उतरला ते बाईंना ठाऊक होतं. भुवनेश्वरीच्या गळ्यात गाठ निघाली होती. सोमवारी हैदराबादला ऑपरेशन. बोलता येईल, गाण्याचं वचन देत नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलेलं. तरी त्या बाईने ‘बोंब’च्या शेवटाला सगळा जीव गळ्यात आणून एक आरोळी ठोकली होती. एकदाच. रुमालावर रक्ताचा ठिपका उमटला आणि डॉक्टरने तिला कुजबुजीपलीकडे बोलायलाही बंदी केली. ती आरोळी त्या डबीत होती, जगात दुसरीकडे कुठेही नव्हती.

बाईंना रॉक म्हणजे भांडी मांडणीसकट पडल्याचा आवाज वाटायचा. पण ते ऐकून त्या हात धुवून उठल्या.

“कुठली डबी गेली हे कुणाकुणाला माहीत आहे?”

शिवराजला, भुवनेश्वरीला आणि तिच्या मुलीला, पायलला. तिघंच सकाळी तिथं होती.

“मग चौथ्याला कळता कामा नये. विचारलं तर डबी गेली, एवढंच सांगायचं. आणि कपाटाचं कुलूप?”

“किल्ली खिळ्याला असते. फोडलेलं नाही. बाहेरचं कुणी फिरकलेलंही नाही.” शिवराजने मान खाली घातली. “आमच्यातलाच कुणीतरी आहे.”

२

अल्तमशला बाईंनी आधी धरलं, कारण रेकॉर्डिंगही तोच करायचा. डबी गेली म्हटल्याबरोबर तो ताडकन उठला.

“कुठली? कुठली गई, मॅडम?”

ते नंतर, असं म्हणून बाईंनी त्याला खाली बसवलं आणि झापायला सुरुवात केली. नक्कल का नव्हती? डब्यांवर नावं का नव्हती? अल्तमश कानकोंडा झाला. मागे यांचं एक कच्चं गाणं कुणाच्या तरी फोनवरून गावभर गेलं होतं, तेव्हापासून त्याने धसका घेतला होता. नक्कल नको, नाव नको, इंटरनेट तर नक्कोच. डब्या गाण्यांच्या क्रमाने रचायच्या, पहिलं सगळ्यांत वर, आठवं तळाला. क्रम ज्याला माहीत त्यालाच गाणं सापडेल.

हा क्रम मंगळवारी संध्याकाळी भुवनेश्वरीने ठरवला. बुधवारी दुपारी सगळे शेजारीच तिच्या आईकडे, सिद्धम्मांकडे जेवायला गेले. स्टुडिओ तेवढ्यापुरता उघडा होता. जेवताना कोण किती वेळा उठलं याचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

बाईंनी सहज विचारल्यासारखं पाचव्या गाण्याचं काढलं. अल्तमशच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच. त्या आरोळीला जागा करायला त्याचा गिटारचा तुकडा अर्ध्यावर कापला होता. भांडण झालं होतं, दोन दिवस तो आला नव्हता. “लेकिन मॅडम, भुवीची आरोळी ऐकून मीच कापला ना शेवटी,” तो पुटपुटला. खरं बोलत होता की मुरलेला होता, ते बाईंना ठरवता येईना.

गुरु हत्तुरे आला तो कपाळाचा घाम पुसत. मूळचा अक्कलकोटचा, बोलण्यात मधूनच कन्नड डोकावायचं. आपलं वाजवून झाल्यावर तो गावी गेला होता आणि बुधवारी सकाळीच परतला होता. डबी गेली हे ऐकून तो कितीतरी वेळ चादरींकडे बघत राहिला.

“वाईट झालं री,” तो म्हणाला. “पण खरं सांगू का, मॅडम? सात गाण्यांचाही अल्बम होतो. एक म्हातारी आहे, तिच्या कानांवर ते गाणं पडलं नाही, हे एका परीने बरंच झालं.”

सिद्धम्मांना लेकीची ती किंकाळी सोसवली नसती, हे बाईंना पटलं. त्यांनी मान डोलावली. बुधवारी जेवताना कुठे होतास, तर पानावरच, फक्त हात धुवायला उठलो होतो. झालं. माणूस गरीब वाटला.

इतक्यात दार धाडकन उघडलं. पायल आत आली, डोळे रडून लाल. तिने गुरुला बाहेर जायला सांगितलं, आणि तो गेल्यावर बाईंच्या समोर उभी राहिली.

“उगाच सगळ्यांना छळू नका, आजी. ती डबी मीच फोडणार होते.”

३

पायल कॉलेजात शिकणारी, आईसारखीच ताठ मानेची. तिने काही लपवलं नाही. त्या गाण्याने आईचा गळा फाडला, असं तिचं सरळ म्हणणं. ठिपका रुमालावर पडला तेव्हा रुमाल तिच्याच हातात होता. तेव्हापासून ती डबी हातोडीने ठेचावी असं तिला रोज वाटायचं, आणि हे तिने कपाटासमोर उभं राहून सगळ्यांना ऐकवलंही होतं.

“मग फोडलीस?”

“नाही.”

“का नाही?”

“आई ते पुन्हा लावून ऐकत होती. हसत होती. मग माझा हातच उचलला नाही.”

कोर्टात बाईंनी असली उत्तरं शेकड्यांनी ऐकली होती. त्यातली काही खरी होती, काही रडवण्यापुरती. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली. पाचव्या गाण्याचा राग करणारे दोघेच होते. त्यातल्या अल्तमशने डबी कुठली हे विचारलं होतं, ही पोर न विचारता सगळं ओकून मोकळी झाली होती. आणि पोर त्या गाण्याची जागाही जाणत होती.

चादरीच्या आडून भुवनेश्वरी पुढे आली. तिने सगळं ऐकलं होतं. गळ्याला मफलर, चेहरा पांढराफटक. ती बाईंच्या इतकी जवळ येऊन बसली की तिची कुजबुज त्यांच्या कानातच उतरली.

“शोध थांबवा, मॅडम. गाणं गेलं तर गेलं. माझ्या पोरीला चोर ठरवून मला ते परत नको.”

“तिने घेतलंय असं तुला वाटतं?”

भुवनेश्वरी मफलर सारखा करत राहिली. पायलने आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आईला आपला संशय येतोय हे कळल्यावर ती पोर अशी काही कोसळली की बाईंसारख्या बाईचंही काळीज हललं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावून घेतली.

आता मात्र बाई इरेला पेटल्या. सोमवारी ही बाई ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार. गाणं न सापडता गेली, तर आवाजाबरोबर पोरगीही हरवून जाणार. आतल्या खोलीच्या बंद दाराला हात लावत त्या एवढंच म्हणाल्या, “जेवून घे. संध्याकाळपर्यंत मला अवधी दे.”

बोलून तर बसल्या. हातात पुरावा म्हणाल तर काडीचा नव्हता.

४

डोकं तापलं की बाईंना चहा लागायचा. त्या शेजारी सिद्धम्मांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. म्हातारी तेलुगू पद्मशाली घरातली, सगळी हयात मागाच्या आवाजात गेलेली, त्यामुळे बोलायची ते खणखणीत. चहा ठेवून ती तांदूळ मापायला बसली. उद्या घरात पूजा होती, लेकीच्या ऑपरेशनासाठी.

बाईंनी जपूनच विषय काढला. लेकीचं ते आरोळीचं गाणं तुम्ही ऐकलं नाहीत ते बरं झालं, म्हणाल्या.

“ऐकलं न्हाई कसं? मी तितंच हुते की, चहा घेऊन,” सिद्धम्मा म्हणाल्या. “कप पडला ना हातातला. पण काय ओरडली माझी पोर, अम्मा. लई भारी.”

बाईंचा बशीतला चहा बशीतच राहिला.

सिद्धम्मांनी ‘बोंब’ ऐकलं होतं. सगळ्यांच्या आधी, समोर उभं राहून. मग गुरु कुठल्या म्हातारीबद्दल बोलत होता? या सगळ्या भानगडीत म्हाताऱ्या दोनच. एक ही. दुसरी जेऊरला, रामहरीची आई दगडाबाई. आणि तिने ऐकू नये असं गाणं पाचवं नव्हतंच. ते सातवं, ‘मंगळवेढा रोड’, त्या अपघातावरचं.

म्हणजे गुरु समजत होता की सातवं गाणं चोरीला गेलं. त्याला तसं कुणीच सांगितलेलं नव्हतं. आणि आठवून आठवून बाईंनी पाहिलं, कुठली डबी गेली हे त्याने विचारलंही नव्हतं. अल्तमशने पहिल्या श्वासाला विचारलं होतं.

पण मग घोडं इथंच अडत होतं. सातवं हवं असलेल्या माणसाने पाचवं का न्यावं? चळत वरून मोजा, पाचवी ती पाचवी. खालून मोजा, तर ती चौथी. कशीही मोजली तरी सातवीच्या जागी पाचवी हाती येत नव्हती. बाईंनी टेबलावर बोटांनी आठ डब्या रचल्या, मोडल्या, पुन्हा रचल्या. शेजारी म्हातारीचं माप चाललं होतं, एकेक माप टोपात ओतताना ती मोठ्याने मोजत होती.

“लाभ... दोन... तीन... चार... पाच... सहा... सहावर एक... आठ...”

“काय म्हणालात?” बाईंनी तिचा हातच धरला.

सिद्धम्मांना त्यात नवल ते काय, हे समजेना. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, ते तर सगळीकडेच. आणि सात म्हणायचं नाही. तेलुगूत साताला एडु म्हणतात, आणि एडु म्हणजे रड. धान्य मापताना, सूत मोजताना, शुभ कामात रड कसं म्हणायचं? म्हणून सहावर एक. आणि पोरगी ऑपरेशनला निघालेली असताना तर तिने मराठीतसुद्धा तो आकडा तोंडातून काढला नव्हता.

बाईंचा आवाज हळू झाला. “अम्मा, बुधवारी कुणी तुम्हाला गाण्यांचं काही विचारलं होतं?”

“गुरुने विचारलं की. हात धुवाय आला तवा. रामहरीचं गाणं कितवं ठेवलंय म्हनून. भुवीने मला सांगितलं हुतं आदल्या दिवशी. मी म्हनलं, सहावर एक.”

५

दिवस कलायच्या आत बाईंनी सगळ्यांना स्टुडिओत गोळा केलं. पायलला कडी काढायला लावून आणून बसवलं, ती आईपासून लांब, दाराशी. बाई उभ्याच राहिल्या. कोर्टाची सवय.

“गेलेली डबी पाचवी आहे,” त्या म्हणाल्या. “‘बोंब’.”

अल्तमशने डोक्याला हात लावला. पण बाई बघत होत्या गुरुकडे. त्याचा चेहरा असा काही झाला की बाकी काही सांगायची गरजच नव्हती. तरी बाईंनी सांगितलं, एकेक धागा सुटा करून. न विचारलेला प्रश्न. जेऊरची म्हातारी. सिद्धम्मांचं सहावर एक. अल्तमश विणकरांच्या गल्लीत वाढलेला, त्याने ते ऐकताच सातवी उचलली असती. भुवनेश्वरी आणि पायल तर त्याच घरातल्या. शिवराजला क्रम पाठच होता. सहावर एक म्हणजे सहाव्या डबीच्या वर ठेवलेली डबी, असा अर्थ करणारा, ही तेलुगू रीत ठाऊक नसलेला माणूस एकच होता. आणि सहावीच्या वर असते पाचवी.

“ऐकून का नाही पाहिलीस?” बाईंनी विचारलं. “दोन मिनिटांत कळलं असतं.”

गुरु उठला, बास गिटारच्या पेटीचं अस्तर उचकटलं आणि काळी डबी काढून भुवनेश्वरीच्या पुढ्यात ठेवली. धडधाकट होती, ओरखडासुद्धा नव्हता.

“हिंमत झाली नाही री. फोडायची नाही आणि ऐकायचीही नाही.”

भुवनेश्वरीने डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मग तिने वळून दाराकडे पाहिलं. पायल जागची हलली नाही. आईच उठून गेली, पोरीचं डोकं पोटाशी ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाली. ते बाकी कुणाला ऐकू आलं नाही, यायलाही नको होतं. पायल हुंदके देऊ लागली तेव्हा अल्तमश उगाचच वायरी गुंडाळायला लागला.

शिवराजला मात्र दम धरवेना. रामहरीच्या गाण्याने तुझं काय वाकडं केलं होतं, असं तो गुरुवर ओरडला.

“तूच फोनवर म्हणालास,” गुरु म्हणाला, “भुवीने त्या रात्रीचं सगळं खरं गाण्यात सांगितलंय. आणि त्या एकाच गाण्यात मला वाजवायला बोलावलं नाही. मला वाटलं, ती जागी होती.”

गुरुने गिटारच्या पेटीचं झाकण लावलं.

“मला वाटलं, तिने पाहिलं होतं. गाडी मी चालवत होतो.”

वैजयंतीबाईंनी आयुष्यात पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या. पण कबुलीनंतर खोलीतली माणसं अशी एकमेकांकडे बघायचं टाळतात, हे त्यांना दर वेळी नव्याने जड जायचं. भुवनेश्वरीने पायलला अलगद बाजूला केलं, कपाटातून सातवी डबी काढली, जोडली आणि आवाज वाढवला.

नुसती गिटार आणि तिचा आवाज. बाईंना शब्द कळणारं त्यांचं हे पहिलंच गाणं. गाण्यात कुणावर आरोप नव्हता. ती रामहरीला सांगत होती, तुझा डोळा लागला, तू आम्हाला रस्त्यात सोडून गेलास, तरी आम्ही तुला माफ केलं. शेवटच्या कडव्यात तर त्याच्या आईलाच विनवलं होतं, की लेकाला माफ कर.

ती जागी नव्हती. तिला काहीच माहीत नव्हतं. गुरुने हात लावला नसता तर त्याचं खोटं तिच्याच आवाजात कायमचं पक्कं होणार होतं.

गाणं संपलं. भुवनेश्वरीने मफलर सोडला आणि डॉक्टरची बंदी मोडून मोठ्याने बोलली.

“हे गाणं पूस, अल्तमश. हे खोटं माझ्या आवाजात राहायला नको.”

“भुवी, तू परत नाही गाऊ शकणार...”

“ठाऊक आहे मला. पूस.”

अल्तमशने पुसलं. भुवनेश्वरी गुरुसमोर जाऊन उभी राहिली. आता तिचा आवाज पुन्हा कुजबुजीवर आला होता.

“मी सोमवारी जाते. त्याआधी तू जेऊरला जा.”

अल्बम निघाला की लगेच जातो, असं गुरु म्हणायला गेला. बाईंनी गाडीची किल्ली हातात घेतली. “उद्या सकाळी आठला. मी येतेय.”

६

जेऊरच्या वाटेवर टेंभुर्णीला बाईंनी चहासाठी गाडी थांबवली, तर गुरुने चहा घेतला नाही.

दगडाबाईंचं घर स्टेशनापासून थोडं आत. म्हातारी ओट्यावर उन्हाला बसून तूर पाखडत होती. पाहुणे बघून तिने सूप बाजूला ठेवलं, बसा म्हणाली. उघड्या दारातून दिसणाऱ्या घरात रामहरीचा फोटो कुठेच नव्हता. बाईंची नजर उगाचच भिंतीवरून फिरून परत आली.

गुरु बसला नाही. त्याने आपलं नाव सांगितलं, मग जे सांगायचं ते एका दमात सांगितलं, खाली मान घालून. “मावशी, त्या रात्री गाडी मी चालवत होतो. माझा डोळा लागला. रामहरीचं नाव मी घेतलं.”

दगडाबाई रडली नाही, ओरडली नाही.

“त्येला गाडी येतच न्हवती,” ती म्हणाली. “म्या तवाच सांगितलं हुतं पोलिसास्नी. तर म्हनले, सोलापुरात शिकला आसंल, तुला काय ठावं. समदं गाव तसंच म्हनलं. मग मलाबी वाटाय लागलं, आसंल बाबा, शिकला आसंल.”

तिने पदराने हाताचा कोंडा पुसला.

“वीस वर्सं शिव्या घातल्या म्या त्येला. दारू पिऊन मेला आसंल, म्हनलं. फोटूबी लावू दिला न्हाई. तुज्या वाटनीच्या शिव्या म्या माज्या लेकराला घातल्या.”

गुरु तिच्या पायांशी वाकला. तिने पाय मागे घेतले. दगडाबाई भिंतीला धरून उठली, पदर खोचला, पायांत चपला सरकवल्या आणि ओटा उतरून रस्त्याला लागली. चार पावलांवर थांबून तिने मागे पाहिलं.

“मला एकलीला सांगून काय उपेग? पारावर चल. तितं समदी बसल्याती. मोट्यानं सांग.”

गुरु तिच्या मागून चालू लागला.